कोरोमंडलच्या चिटाचा १८व्या शतकातला झगा: संग्रहालयातल्या मूळ कपड्यावरून, पूर्ण हातशिलाईत

धावदोरा

कोरोमंडल किनाऱ्यावर, म्हणजे भारताच्या आग्नेय किनाऱ्यावर, हाताने रंगवलेल्या सुती चिटाचे (इंग्रजीत चिंट्झ), पण युरोपात शिवलेले १८व्या शतकातले काही झगे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. त्यातल्या १७७० च्या दशकाच्या घाटाच्या एका झग्यावरून मी स्वतःच्या मापाचा झगा शिवायला घेतला आहे. कापून झालं, वरचा भाग उभा राहिला, पाठीच्या चुण्या बसल्या. आता घेर आणि बाह्या जोडायच्या आहेत. इथे शिवणारी आणि कापडावर जीव असणारी बरीच मंडळी आहेत, म्हणून आतापर्यंत जे कळलं ते सविस्तर लिहिते.

आधी कापडाबद्दल, कारण मला या झग्याकडे ओढलं ते कापडानेच. हे चीट युरोपात इतकं खपायला लागलं की तिकडचे रेशीम आणि लोकर विणणारे सरकारदरबारी गेले. फ्रान्सने १६८६ मध्ये बंदी घातली, ती १७५९ पर्यंत टिकली. इंग्लंडने १७०० च्या कायद्याने रंगीत आणि छापील भारतीय कापडाची आयात अडवली आणि १७२१ मध्ये असं सुती कापड अंगावर घालणं, घरात वापरणंही बेकायदा ठरवलं. डचांनी बंदी घातली नाही. म्हणून हॉलंडमध्ये जुन्या चिटाचे कपडे अजून भरपूर सापडतात, लेऊवार्डेनच्या फ्रीस म्युझियमचा संग्रह तर त्यासाठीच नावाजलेला आहे. बंदी असली तरी इंग्लंडमध्ये चीट पोचायचंच. डेव्हिड गॅरिक या नटाच्या पलंगाला कलकत्त्याहून भेट आलेलं चीट १७७५ मध्ये जकातवाल्यांनी जप्त केलं होतं. आज ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्येच आहे. असा झगा तिकडे शिवला जात होता तेव्हा इकडे पुण्यात बारभाईंचं राजकारण ऐन भरात होतं. एकाच वेळी चाललेल्या या दोन गोष्टी मनात शेजारी ठेवल्या की मला फार मजा वाटते.

मूळ झगा मी हाताळलेला नाही. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर फोटो मोठे करून बघता येतात आणि काही मापंही दिलेली असतात. घाट समजून घ्यायला जॅनेट अर्नोल्ड या ब्रिटिश अभ्यासिकेच्या कामाचा आधार घेतला. त्यांनी वेगवेगळ्या संग्रहालयांतले मूळ कपडे मोजून त्यांचे नकाशे एकास आठ प्रमाणात आखून ठेवले आहेत. कागदावरचा एक छोटा चौकोन म्हणजे कापडावरचा एक इंच. ते खाकी कागदावर मोठं करायचं आणि मग आपल्या मापाला आणायचं.

पण आपल्या मापाला आणायचं म्हणजे उघड्या अंगाच्या मापाला नाही. हा झगा कॉर्सेटवर बसतो. कमरेपासून छातीपर्यंत धड नरसाळ्यासारखं सरळ होतं, छाती वर उचलली जाते, खांदे मागे जातात. नेहमीच्या ब्लाउजसारखे टक्स घालून तो आकार येत नाही. झग्याच्या पुढच्या भागात टक्स नसतातच. त्यामुळे आधी कॉर्सेट शिवली, ती घालून मापं घेतली, मग मांजरपाटात वरचा भाग बेतून बघितला.

कॉर्सेटमध्ये तेव्हा देवमाशाच्या तोंडातल्या झालरीच्या पट्ट्या घालत, स्वस्तातल्या कॉर्सेटमध्ये गवताच्या काड्या. माझ्यासाठी बुरूड आळीतल्या एका आजोबांनी बांबूच्या पातळ, चपट्या काड्या तासून दिल्या. त्यांची टोकं काचकागदाने गोल केली, नाहीतर कापडातून बाहेर येतात. तागाच्या, म्हणजे लिननच्या, दोन थरांमध्ये शेजारी शेजारी टीप घालून नळ्या करायच्या आणि त्यात काड्या सरकवायच्या. मागे नाडी ओवायला भोकं हवीत. टोच्याने धागे बाजूला सारून भोक करायचं, एकही धागा तोडायचा नाही, आणि कडेने दोऱ्याने गच्च गुंफायचं. धातूची आयलेट १९व्या शतकातली, ती इथे चालणार नाहीत. नाडी एकच असते आणि ती एका बाजूने नागमोडी वर चढत जाते.

आता झगा. या घाटाचं सगळं सौंदर्य पाठीत आहे. मधला पन्हा, म्हणजे कापडाचा उभा पट्टा, मानेपासून जमिनीपर्यंत अखंड असतो, कमरेत कापतच नाहीत. तो चुण्या घालून अस्तरावर बसवतात, कमरेपर्यंत बारीक टाक्यांनी खाली दाबतात आणि कमरेच्या खाली त्या चुण्या सुटून त्यांचा घेर होतो. बाजूचं कापड मात्र कमरेत कापून, बारीक चुण्या घालून जोडतात. म्हणजे अर्धा झगा कापलेला आणि अर्धा नुसता दुमडलेला. तागाचं अस्तर आधी अंगावर बेतून शिवतात आणि वरचं कापड त्याच्यावर अंगावरच ठेवून, टाचण्या लावत बसवतात. मी टेलरच्या पुतळ्याला कॉर्सेट घालून हे केलं. टाचण्या लावायला बहीण आली तेव्हा ती म्हणाली, "यात कात्री फार कमी चालते गं." अगदी तेच. कापड महाग, मजुरी स्वस्त, मग कापड कापायचं कशाला? पुढे फॅशन बदलली की चुण्या उसवायच्या आणि अखंड कापड परत हातात. जुन्या झग्यांत असं सर्रास दिसतं: कापड आधीच्या पिढीतलं, घाट नंतरचा, आणि मध्येच आधीच्या चुण्यांच्या रेघा नाहीतर टाक्यांची रिकामी भोकं.

घेराचे पन्हे जोडायला लांब धावदोरा पुरतो. तिथे ताण नसतो आणि उद्या उसवायलाही सोपं जातं. पाठीच्या चुण्यांना आणि कुशीच्या शिवणीला बारीक टीप. बाहीच्या अस्तराला हेम. एकाच कपड्यात टाका जागेप्रमाणे बदलतो, आणि शिवणारीने कुठे घाई केली, कुठे जीव ओतला हे शिवणीवरून वाचता येतं. माझ्या मते अशी प्रतिकृती शिवायची ती याच वाचनासाठी. नुसता दिसायला तसा झगा हवा असेल तर कुठलाही चांगला टेलर आठवड्यात देईल.

कापड: मूळच्यासारखं हाताने रंगवलेलं मला परवडण्यातलं नव्हतं. हातमागाच्या प्रदर्शनात मछलीपट्टणमकडचं ठशांनी छापलेलं, पांढऱ्या जमिनीवर वेल असलेलं सुती कापड मिळालं. पन्हा ४४ इंच. झग्याला सहा ते सात मीटर आणि आतल्या परकराला तीन मीटर धरा. अस्तराला जाडसर, न रंगवलेलं लिनन घ्या.

प्रश्न असतील तर विचारा. मला या विषयावर बोलायला फार आवडतं.

---

सदाशिव_पेठ

सुंदर आणि मेहनतीचा उपक्रम. एक शंका मोकळेपणाने विचारतो, राग मानू नका. एवढी मेहनत घ्यायचीच तर पेशवाईतला अंगरखा का नाही? बाजीराव रस्त्यावर केळकर संग्रहालय आहे, चालत जाऊन बघता येईल. साहेबाच्या मडमेचा झगा पुण्यात शिवून आपल्याला काय मिळणार?

---

धावदोरा

राग कसला, हा प्रश्न मला घरीही विचारला गेला आहे.

मडमेचा झगा म्हटला तरी त्याचं सूत, रंग, हिरडा, तुरटी आणि तो रंगवणारे हात हे सगळं इकडचं. आपल्या कारागिरांच्या ज्या कामामुळे दोन देशांना कायदे करावे लागले त्याची ओळख इथे किती जणांना आहे? आणि ते काम आज बघायचं तर बऱ्याचदा अशा झग्यांतच बघावं लागतं. युरोपात ते कापड जपून, पुन्हा पुन्हा शिवून वापरलं गेलं आणि थंड हवेत टिकलं. आपल्याकडे सुती कापड रोजच्या धुण्याने विरलं, पावसाळ्याने खाल्लं, उरलंसुरलं गोधडीत गेलं. अहमदाबादच्या कॅलिको म्युझियममध्ये निर्यातीचं चीट बघायला मिळतं. १९४९ मध्ये सुरू झालेलं संग्रहालय आहे. कापडाची आवड असणाऱ्याने एकदा तरी जाऊन यावं.

अंगरखा मलाही शिवायचाच आहे. केळकर संग्रहालयात मी लहानपणापासून जाते. दिनकर केळकरांनी वस्तू गोळा करायला १९२० च्या सुमारास सुरुवात केली, १९६२ मध्ये सगळा संग्रह सरकारला दिला, आणि त्यात घरातल्या रोजच्या वस्तूंना जो मान आहे तो मला फार मोलाचा वाटतो. पण अंगरख्याची रीत अगदी निराळी आहे. तो चौकोन आणि त्रिकोणांचा कपडा. पुढचा-मागचा भाग, घेराच्या कळ्या, काखेत बगल, सगळं सरळ रेषेत फाडून किंवा कापून जोडलेलं. अंग कसंही असलं तरी कापडाचा आकार बदलत नाही. झगा अंगावरच घडवावा लागतो. कापड वाया जाऊ द्यायचं नाही हे दोन्हीकडे सारखंच, मात्र तिथवर जायच्या वाटा पूर्ण वेगळ्या. झगा शिवताना मला अंगरख्याची हुशारी जास्त कळली.

---

सदाशिव_पेठ

पटलं. अंगरख्याचा धागा काढाल तेव्हा हजर असेन. आमच्याकडे पणजोबांची एक बाराबंदी आहे, तिचे फोटो देतो.

---

रंगपट

मी नाटकाचे कपडे करतो, त्यामुळे हा धागा वाचताना हात शिवशिवले. थोडा वेगळा सूर लावतो.

घेराच्या उभ्या शिवणी कुणालाच दिसत नाहीत. तिथे मशीन मारलं तर काय बिघडतं? अगदी संग्रहालयात ठेवायचा झगा असला तरी दोन हात अंतरावरून कळणार नाही. नाटकात तर आम्ही पाठीमागे चेन लावतो, कारण दोन प्रवेशांच्या मध्ये नटीला मिनिटभरही मिळत नाही. हाताने शिवायचं तर जिथे दिसतं तिथे शिवा: गळा, बाहीची कड, पुढची बाजू. वेळ वाचेल आणि तो वेळ अंगावर बसवण्यात घालवता येईल. शेवटी कपड्याची पारख बसण्यावरच होते.

---

धावदोरा

रंगपट, नाटकासाठी तुम्ही म्हणता ते शंभर टक्के बरोबर. नाटकाचा कपडा घाम, घाई आणि पन्नास प्रयोग सोसणारा हवा.

पण घेराबद्दल मला असं दिसलं. मशीनची टीप वरून आणि खालून अशा दोन दोऱ्यांनी कापड आवळते. मऊ सुती कापडाची ती शिवण थोडी ताठ होते आणि लांब घेरात तिची उभी रेघ वेगळी लोंबते. धावदोऱ्याची शिवण कापडाबरोबर हलते. मी दोन पन्हे दोन्ही पद्धतींनी जोडून खिडकीच्या दांडीला टांगून ठेवले. दोन हातांवरूनच काय, दारातूनही फरक दिसत होता.

दुसरं म्हणजे वेळ. घेराची शिवण हाताने सगळ्यात भरभर होते. सुईवर चार-पाच टाके घेऊन एकदम ओढायचे. वेळ खातात त्या पाठीच्या चुण्या, आणि त्यांच्यावर मशीन चालतच नाही. वरून टाका घालताना आतलं अस्तर आणि मधले सगळे थर बोटांना कळावे लागतात. म्हणजे मशीन जिथे चालेल तिथे वाचण्यासारखा वेळच नाही.

बसण्याबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. फक्त तो बसतो कशाने, तर जागोजागी वेगवेगळ्या ताणाच्या टाक्यांनी, असं माझं म्हणणं.

---

आजीची_गोधडी

धावदोराताई, वाचून डोळे निवले. मी आयुष्यभर हातशिलाई केली, पोलकी, परकर, बाळंतविडे, गोधड्या. टाक्यांविषयी जे लिहिलं आहेस ते अगदी खरं. चार सूचना करते, नव्या मुलींना उपयोगी पडतील.

दोरा हातभरापेक्षा लांब घेऊ नये. लांब दोरा गुंततो आणि डोळ्यातून जाऊन जाऊन विरतो. दोऱ्याला मेण लावावं, साधं मधमाशीचं मेण, आणि मग दोन बोटांत धरून ओढावं म्हणजे उबेने मुरतं. मेणवलेला दोरा पीळ सोडत नाही आणि टाका जागचा हलत नाही. सुई बारीक आणि आखूड. जाड सुईने चिटाला भोकं पडतात आणि खळ निघाली की ती दिसायला लागतात. आणि अंगुस्तान वापरा गं मुलींनो, तागाच्या अस्तरातून सुई ढकलताना बोटाची चाळण होते.

तागाचा दोरा कुठून आणलास? तुळशीबागेत मी विचारलं तर सुतीच दाखवतात.

---

धावदोरा

काकू, तुमचा प्रतिसाद वहीत उतरवून घेतला.

तागाचा दोरा पुस्तकबांधणीचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतो. बारीक नंबरचा मागायचा, जाड असला तर त्याचे पदर सोडवून घेता येतात. कॉर्सेटला आणि अस्तराला तोच वापरला. चिटाच्या वरच्या टाक्यांना मात्र रेशमी दोरा घेतला, तो रविवार पेठेत मिळाला. बाकी नाड्यांसाठी सुती फीत आणि टाचण्या तुळशीबागेतल्याच.

---

मृग

मला शिवणातलं काही कळत नाही, तरी पूर्ण वाचलं. पण कॉर्सेट म्हटलं की बायकांना श्वास घेता यायचा नाही, चक्कर यायची, हेच डोळ्यांपुढे येतं. पुण्याच्या एप्रिलमध्ये हे सगळं अंगावर चढवून बसणं शक्य आहे का? आणि आत नक्की काय काय घालायचं असतं?

---

धावदोरा

मृग, चांगला प्रश्न. चक्कर, कमरेचं मोजमाप वगैरे गोष्टी बहुतेक १९व्या शतकातल्या आवळण्याच्या आहेत. १८व्या शतकातली कॉर्सेट कमर बारीक करण्यापेक्षा धड सरळ आणि पाठ ताठ ठेवण्यासाठी होती. कष्टाची कामं करणाऱ्या बायकाही ती घालत. बेताने ओढली तर पाठीला आधार मिळतो. मी ती घालून तासन् तास शिवत बसते तेव्हा पाठ कमी दुखते. वाकायचं मात्र कमरेतून नाही, खुब्यातून. आणि पोटभर जेवण आधी उरकलेलं बरं.

आतून बाहेर सांगते. अंगाला लागून तागाची लांब, सैल शेमीज. घाम तीच शोषते आणि धुवायची तीच. म्हणूनच वरचे कपडे इतकी वर्षं टिकले. तिच्यावर कॉर्सेट. मग कमरेला फितीने बांधायचे दोन सुटे खिसे, झग्याला खिसे शिवलेले नसतात. त्यावर कापूस भरलेली एक उशी मागे आणि बाजूला, म्हणजे घेर उचलला जातो. मग परकर. या परकराची रीत मला फार आवडते. पुढचा अर्धा भाग आणि मागचा अर्धा भाग वेगवेगळ्या फितींवर. मागच्याच्या नाड्या पुढे आणून बांधायच्या, पुढच्याच्या मागे नेऊन. दोन्ही कुशींत फट राहते आणि तिथून हात थेट आतल्या खिशात. कमर कितीही कमी-जास्त झाली तरी परकर बसतो, अगदी पोटुशीपणातसुद्धा. सगळ्यावर झगा, पुढून उघडा, आतला परकर दिसेल असा.

उकाड्याचं म्हणशील तर सगळं ताग आणि सूतच आहे, अंगाशी हवा खेळती राहते. पॉलिस्टर अस्तराच्या शेरवानीपेक्षा मला हे सुसह्य वाटतं. तरी भर उन्हात मी निघणार नाही.

---

जतन

कापडांच्या संवर्धनाचं काम करते, म्हणून थोडी भर घालते.

संग्रहालयातला मूळ कपडा कुणालाही अंगात घालायला देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. एकदा घातल्याने होणारं नुकसान परत भरून येत नाही. प्रदर्शनातही कापडावर साधारण ५० लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देत नाहीत, त्यामुळे दालनं अंधारी वाटतात. लोक तक्रार करतात, पण रंग उडण्याचं नुकसान साचत जातं आणि कधीच उलटत नाही. म्हणून अशा प्रतिकृतींचं मोल मोठं. मूळ कपड्याला हात न लावता तो चालताना, बसताना, हात उचलताना कसा वागतो हे प्रतिकृतीवरूनच समजतं.

मूळ जवळून बघायचा असेल तर: २०२५ मध्ये लंडनला व्हिक्टोरिया अँड अल्बर्टचंच व्ही अँड ए ईस्ट स्टोअरहाऊस उघडलं आहे. तिथे आधी नोंदणी करून साठ्यातली वस्तू बघायला मागवता येते. आपल्याकडच्या संग्रहालयांतही अभ्यासासाठी रीतसर अर्ज करून बघा. जाताना शिसपेन्सिल न्या, शाईचं पेन नको. अंगठ्या-बांगड्या काढून ठेवा. टेप कपड्याला न टेकवता वरून धरून माप घ्या.

आणि चिटाविषयी. पानं निळी दिसतात ना? ती हिरवी होती. निळीवर वरून पिवळा रंग चढवून हिरवा करत. पिवळा कच्चा, तो उजेडाने आणि धुण्याने गेला, निळ पक्की म्हणून राहिली. काळ्या रेघा तर कित्येक ठिकाणी कापडासकट गेलेल्या असतात, कारण काळ्यासाठी लोखंडाचं पाणी वापरत आणि लोखंड सुताला हळूहळू खातं. तेव्हा प्रतिकृती नेमकी कशाची करणार, आज दिसतो त्या झग्याची की शिवला त्या दिवशीच्या?

---

धावदोरा

जतन, हा प्रश्न मी कापड घेतानाच सोडवून ठेवला होता, पण मुद्दाम लिहिला नव्हता. बरं झालं तुम्ही काढलात.

मी शिवलेल्या दिवसाच्या बाजूने आहे. ज्या बाईने तो झगा पहिल्यांदा घातला तिच्या अंगावर हिरवी पानं होती, भडक तांबडी फुलं होती आणि कापडाला चकाकी होती. आज आपल्याला जो शांत, फिका निळा-गुलाबी मेळ दिसतो आणि आवडतो तो काळाने केलेला आहे, रंगाऱ्याने नव्हे. हाताने शिवून शिवणारीला मान द्यायचा आणि रंगाऱ्याचा हिरवा मात्र विसरायचा, हे मला जमणार नाही. म्हणून मिळालेल्या कापडांतलं हिरव्या पानांचंच निवडलं, जरी निळ्या पानांचं जास्त 'जुनं' दिसत होतं.

शिवणीच्या बाबतीतही तेच. मूळ झग्यावर नंतरच्या दुरुस्त्या असतील तर त्या मी उचलत नाही. मात्र कापड पुरलं नाही म्हणून घातलेले जोड उचलते. ते पहिल्याच दिवशी होते आणि त्यांची कुणाला लाज नव्हती. माझ्या एका बाहीला कोपराच्या खाली जोड आहे, वेलही नीट जुळलेला नाही. तो तसाच ठेवणार.

---

नीळ

कापडाच्या चकाकीचा विषय निघालाच आहे तर. मी कलमकारी शिकले आहे, थोडीफार.

या कापडाची मेहनत ऐकली तर शिवणकाम सोपं वाटेल. कोरं कापड आधी हिरड्याच्या पाण्यात आणि म्हशीच्या दुधात भिजवायचं. दुधाच्या स्निग्धपणामुळे पुढे कलमाने काढलेली रेघ फुटत नाही. मग लोखंडाच्या पाण्याने काळ्या रेघा, तुरटीच्या पाण्याने तांबड्याच्या जागा. तुरटी लावली तेव्हा कापडावर जवळजवळ काहीच दिसत नसतं. मुळांच्या रंगात उकळलं की जिथे तुरटी तिथेच तांबडं चढतं. कोरोमंडलला त्यासाठी चाय नावाच्या झुडपाची मुळं वापरत. तुरटी आणि लोखंड एकत्र केलं की जांभळा. निळीसाठी तर उरलेलं सगळं कापड मेणाने झाकायचं, निळीच्या पिंपात बुडवायचं आणि मग मेण उकळून काढायचं. मधल्या मधल्या धुण्यांना वाहतं पाणी आणि ऊन. पिवळा सगळ्यात शेवटी. श्रीकाळहस्तीला अजून कलमाने काढतात, मछलीपट्टणमच्या बाजूला ठसे.

चकाकीसाठी तांदळाची खळ देऊन कापड ठोकून कुंदी करायची आणि शंखाने घोटायचं. धावदोरा, कापड शिवण्याआधी घोटलंस की नंतर? शिवल्यावर घोटलं तर चुण्यांच्या कडा चमकतील आणि खोलगट भाग तसाच राहील.

---

धावदोरा

नीळ, शिवायच्या आधीच. आधी कोमट पाण्यातून काढून आटवून घेतलं, मग पातळ खळ, अर्धवट ओलं असताना इस्त्री, आणि पाटावर पसरून गुळगुळीत कवडीने एकाच दिशेने घोटलं. कारखान्यातल्या चकाकीसारखं नाही होत, पण कापडाला अंग येतं, चुणी घातली की ती जागेवर राहते. खळीमुळे टाका घालायलाही सोपं. तोटा एवढाच की झगा धुता येणार नाही. तो तेव्हाही सहसा धुवत नसत, मघाशी म्हटलं तसं धुणं शेमीजवर.

---

रंगपट

धागा रंगला आहे. माझं मशीनचं म्हणणं मी निम्मं मागे घेतो, खिडकीच्या दांडीवरचा प्रयोग घरी करून बघितला.

आता तांत्रिक. १) घेर जमिनीला समांतर कसा आणतेस? मागे उशी म्हणजे मागून उचलला जाणार. आम्ही खाली गोलाई कापतो. २) बाहीचा मुंढा (बाही जोडायची गोल जागा) इतका लहान आणि मागे सरकलेला असतो, त्यात हात कसा हलतो? ३) पुढे काय, हुक?

---

धावदोरा

१) खालची कड कापायचीच नाही. ती कापडाच्या सरळ रेषेतच ठेवायची आणि उंचीचा फरक वर, कमरेत काढायचा. उशीच्या जागी कापड जास्त वर घ्यायचं, पुढे कमी. म्हणजे परकर अंगावर चढवून जमिनीपासून खुणा करायच्या, त्या खुणेवर कापड आत दुमडायचं आणि मग चुण्या घालायच्या. जास्तीचं कापड कापून टाकायचं नाही, आतच दुमडून ठेवायचं. त्यामुळे खाली वेलाची ओळ सरळ राहते आणि उद्या उंच मुलीला तोच झगा सोडून देता येतो. चुण्यांचं तोंड पाठीच्या मध्याकडे. वरच्या भागाची कमरेची कड आत मुडपून चुण्यांवर ठेवायची आणि प्रत्येक चुणीला टाका घ्यायचा.

२) बाही दोन टप्प्यांत बसते. आधी काखेकडचा अर्धा मुंढा आतून नेहमीसारखा टीप घालून जोडायचा. मग झगा अंगावर चढवून, हात थोडा पुढे वाकवून, बाहीचा वरचा भाग खांद्याच्या अस्तरावर लहान चुण्या घालत टाचायचा. खांद्याची पट्टी सगळ्यात शेवटी वरून घालून बाहेरून शिवायची, म्हणजे कच्च्या कडा तिच्याखाली जातात. मुंढा लहान असल्यामुळेच हात हलतो. मोठा मुंढा हात उचलला की अख्खा झगा वर ओढतो, लहान मुंढ्यात फक्त बाही फिरते. ब्लाउजला हेच लागू आहे, पण आपल्याकडे हलत नाही म्हटलं की मुंढा मोठा करायची सवय. बाही कोपरात वाकडी कापलेली असते, हात पूर्ण सरळ केला तर ओढते. त्या काळी पाहुण्यांपुढे हात वाकवूनच बसत असावेत असं ती बाही घातली की वाटतं.

३) हुकही वापरत, पण मी टाचण्या लावणार आहे. तेव्हा ही अगदी रोजची रीत होती. टाचणी आडवी, दोन-तीनदा कापडातून वरखाली काढून टोक शेवटी कापडाच्या आत. आत कॉर्सेटचे जाड थर असल्याने टोचत नाही. टाचण्यांचा फायदा म्हणजे त्या दिवशी अंग जसं असेल तसं ताणून लावता येतं. नाटकात मात्र हुकच लावा.

---

आजीची_गोधडी

खांद्याची पट्टी शेवटी वरून घालायची, हे पोलक्यालाही करून बघते. नातीच्या पोलक्याची बाही खांद्याला नेहमी फुगते.

---

धावदोरा

काकू, नक्की बघा, पट्टी सरळ कापा, उरेब (तिरकी) नको, उरेबात खांदा ताणला जाईल. मी या आठवड्यात घेराच्या चुण्या घालते आहे. त्या झाल्या की आतल्या बाजूचेही फोटो टाकते, टाके नीट दिसतील असे.